चाफ्याचा जोड

गोव्यातल्या पर्वरीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. नव्या घराच्या आवारात त्यांनी दोन सोनचाफे लावले. पहिला चार वर्षांपूर्वी, गणेश चवथीच्या आधी, रस्त्याकडेला थांबलेल्या टेंपोवाल्याकडून घेतला. "कलम आहे, सहा महिन्यांत फूल" असं त्याने सांगितलं होतं. आज झाड गच्चीला टेकलंय, पान असं की बघत राहावं, फूल मात्र एकही नाही. दुसरा गेल्या वर्षी कुंपणाच्या भिंतीलगत लावला. त्याची पानं पिवळी पडताहेत आणि पाऊस लागला की गळताहेत. सासूबाईंना चाफ्याचं तेल करायचंय आणि फुलं कपड्यांच्या कपाटात ठेवायचीत. त्या चार वर्षं वाट बघताहेत, आणि आता म्हणताहेत की दाराशी चाफा लावला की साप येतात, उगाच लावला.

ताई, आधी पहिल्या झाडाजवळ जा आणि खाली वाका. वर बघू नका, वर पानंच आहेत. मातीपासून वीतभर, फार तर दीड वीत उंचीवर खोडाला गाठ दिसते का ते शोधा. कलमाचा जोड तिथे असतो. जोडाच्या खालची साल आणि वरची साल यांत फरक कळतो. बहुतेक वेळा तिथे खोड किंचित तिरकं होऊन मग सरळ वर जातं. गाठ सापडली तर तीच वाट वरपर्यंत डोळ्यांनी चाला: आज जे झाड उभं आहे ते जोडाच्या वरून निघालंय की खालून?

माझ्याकडे "चाफा फुलत नाही" म्हणून जेवढे लोक येतात, त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत उत्तर इथेच संपतं. कलम म्हणजे दोन झाडं. खाली बीपासून वाढवलेला खुंट, वर फुलणाऱ्या झाडाची काडी. पहिल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, बकरीने शेंडा खाल्ला, किंवा टेंपोतच जोड हलला, की वरची काडी मुकाट्याने मरते. खुंट मरत नाही. तो खालून फुटतो, जोमाने वाढतो, आणि आपण खूश होतो की झाडाने जीव धरला. जीव धरला तो खुंटाने. त्याला आम्ही चार वर्षं गोबर घालतो आणि फूल मागतो.

बियांचा सोनचाफा फुलायला आठ-दहा वर्षं घेतो. फुलतो नक्की, आणि फूलही वाईट नसतं. पण तोवर ते झाड केवढं होतं याचा अंदाज लोकांना नसतो. रानातला सोनचाफा शंभर फुटांपर्यंत जातो; त्याचं लाकूड फर्निचरला वापरतात, एवढा मोठा वृक्ष आहे तो. देवळाच्या आवारात शोभेल, पर्वरीच्या तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये गच्चीला टेकून शोभणार नाही. जे फूल हाताने तोडायचं ते चाळीस फुटांवर उमललं तर तुम्हाला त्याचा वास येईल, फूल पाखरांना मिळेल.

जोडाखालून आलेलं झाड निघालं तर दोन मार्ग आहेत. एक, आंब्या-काजूची कलमं बांधणारा माणूस बोलवा. तो खोड तीन फुटांवर कापील, नवे धुमारे आले की त्यांतले दोन-तीन निवडून त्यांवर फुलणाऱ्या झाडाच्या काड्या बांधील. मुळं चार वर्षांची असल्यामुळे अशी कलमं भराभर चालतात. दुसरा मार्ग म्हणजे झाड काढून टाकणं. तुमचं झाड घराला इतकं जवळ आहे, तर मी काढाच म्हणेन. चार वर्षं पाणी घातलेल्या झाडावर कोयता चालवताना हात अडखळतो, मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी असा एक चाफा ठेवला होता. अकराव्या वर्षी तो फुलला, आणि तेव्हा आमच्या माडीची कौलं दरवर्षी बदलायची वेळ आली होती.

जोड सापडला, झाडही वरच्या काडीचंच निघालं, तरी फूल नाही, असं झालं तर मग ऊन बघा. सोनचाफ्याला निदान पाच-सहा तास उघडं ऊन लागतं. पर्वरीला आता शेजारच्या इमारती अशा उठल्यात की सकाळी दहानंतर सावली पडते, आणि लोक मात्र खताला दोष देतात. दुसरं कारण म्हणजे लाड. चाफ्याची फुलं नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतात. युरिया, रोज पाणी, लॉनच्या फवाऱ्याचं वरून पाणी, एवढं सगळं मिळालं की झाड पानांतच रमतं. असं झाड मी नोव्हेंबरनंतर थोडं उपाशी ठेवतो: पाणी आठवड्यातून दोनदा, खत शून्य. मार्चच्या सुरुवातीला शेंडे बोटभर खुडतो, मग एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. एप्रिल-मेमध्ये पहिला बहर, पावसात मोठा. चांगलं कलम मधल्या काळातही अधूनमधून एखादं फूल देत राहतं.

कलम घेताना नाव विचारून घ्या. सिंधुदुर्गातून आपल्याकडे येणाऱ्या कलमांत 'वेलणकर चाफा' या नावाने विकलं जाणारं कलम लोकप्रिय आहे. ते बुटकं ठेवता येतं आणि लावलं त्याच वर्षी फुलतं. मात्र त्या नावाची चिठ्ठी कुणीही कशालाही बांधतो. म्हणून माझा नियम साधा: पिशवीत असताना ज्याला निदान एक कळी दिसते तेच कलम घ्यायचं. फूल दाखवून विकतो तो फसवू शकत नाही. पांढरा सोनचाफा म्हणून जे मिळतं ते वेगळं झाड आहे, संकरातून आलेलं. त्याचा वास हलका, मला तो रात्री जास्त आवडतो. त्याला बी क्वचितच धरतं, म्हणून तो कलमानेच करावा लागतो.

आणि नुसतं 'चाफा' म्हणून मागू नका. आपल्याकडे त्या एका नावाखाली अर्धा डझन झाडं फिरतात, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही. देवळाजवळचा चिकाचा पांढरा चाफा अमेरिकेतून आलेला, तो कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आकड्यांनी चढणारा. नागचाफा उंडीच्या कुळातला. भुईचाफा तर हळदीचा भाऊबंद, जमिनीतून नुसतं फूल काढतो, पान मागाहून. यांत सोनचाफ्याचा खरा सख्खा फक्त कवठी चाफा. नर्सरीच्या चिठ्ठीवर सोनचाफ्याचं शास्त्रीय नाव कुठे 'मायकेलिया' दिसेल, कुठे 'मॅग्नोलिया'. दोन्ही एकच. लिनीयसने १७५३ साली मिकेली नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पहिलं नाव ठेवलं. आता त्याला मॅग्नोलियातच धरतात. लिनीयसने आधार घेतला तो मलबारच्या वनस्पतींवर डचांनी काढलेल्या ग्रंथाचा, आणि १६७८ पासून ॲम्स्टरडॅमला छापल्या गेलेल्या त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत त्यात छापलंय. तेव्हा चाफ्याच्या लॅटिन नावातही थोडे आपले लोक आहेत, एवढं मी गिऱ्हाइकांना सांगतोच.

आता दुसरं झाड. इथे मला जास्त बोलायचंय, कारण गोव्यात सोनचाफा मरतो तो याच एका चुकीने, आणि ती चूक मेहनती माणूसच करतो.

सोनचाफा आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानातला आहे. तिथे तो उतारावर वाढतो. खाली पानांचा सडा, माती ओलसर, आंबट म्हणजे आम्ल, आणि पाणी कितीही पडो, ते मुळांजवळ थांबत नाही. आता तुमच्याकडचं चित्र बघा. पर्वरी म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. वर वीतभर माती, खाली खडप. आपण काय करतो, पहारीने तीन फूट खड्डा खणतो, चिरा फोडतो, त्यात बाहेरून आणलेली काळीभोर माती आणि शेणखत भरतो, मधोमध झाड लावतो. मे महिन्यात हे फार छान दिसतं. जूनमध्ये त्या खड्ड्याची विहीर होते. भोवतीचा जांभा पाणी लवकर सोडत नाही, वरून आपल्याकडे चार महिन्यांत जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सगळ्या आवाराचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात जमतं. मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते, आणि खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. माणूस म्हणतो, पानं सुकताहेत, पाणी कमी पडलं असेल.

नर्सरीची सुरुवात केली तेव्हा मी पाच कलमं अशीच लावली होती, चांगली मजुरी देऊन, खोल खड्डे घेऊन. ऑगस्टच्या शेवटी तीन गेली. चौथं उपटून पाहिलं तर मुळं काळी, सोलली की साल हातात येणारी, आणि खड्ड्यातून कुजक्या पाण्याचा वास. पाचवं वाचलं. ते मजुराने कंटाळून एका फुटावरच थांबवलेल्या खड्ड्यात होतं, आणि माती उरली म्हणून त्याच्याभोवती ढीग लावून ठेवली होती. त्या आळशी माणसाने मला चाफा लावायला शिकवलं.

तेव्हापासून सड्यावर मी खड्डा घेतच नाही. वरची माती पहारीने फक्त सैल करायची, खालच्या जांभ्याला भेग पडेल एवढी. त्यावर तांबडी माती दोन भाग, कुजलेला पाला एक भाग, शेणखत एक भाग असा तीन-चार फूट रुंद आणि गुडघ्याएवढा उंच ढीग घालायचा. कलम त्या ढिगाच्या माथ्यावर. जोड मातीच्या वर किमान चार बोटं राहिला पाहिजे. जोड पुरला की तिथेच कुजतो. ढीग पावसात वाहू नये म्हणून भोवती तुटके चिरे लावा, पण सिमेंटने बांधू नका, पाण्याला बाहेर पडायला फटी हव्यात. बाजूला एक काठी, सैल बांधणी. पाऊस सुरू झाला की आळं मोडून टाकायचं. उन्हाळ्याचं आळं पावसात तसंच ठेवणं म्हणजे झाडाला बादलीत उभं करणं.

लावायची वेळ बहुतेक लोक जून धरतात. मी ऑगस्टचा शेवट, चवथीच्या आसपासचे दिवस धरतो. पावसाचा जोर मोडलेला असतो, हवेत दमटपणा असतो, आणि कडक ऊन पडायच्या आत मुळं बसायला दोन-तीन महिने मिळतात. मग पहिला उन्हाळा मात्र सांभाळायचा: दिवसाआड एक कळशी, बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचं जाड आच्छादन, पश्चिमेला माडाच्या झावळीचा आडोसा.

ताई, तुमच्या झाडाला मात्र दुसरंही दुखणं असू शकतं, कारण ते भिंतीलगत आहे. एक पिवळं पान तोडून उजेडात धरा. पान सगळं पिवळं आणि ते खालच्या फांद्यांवरचं असेल तर वर सांगितलेलं पाणी. पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर भिंत बांधताना पडलेलं सिमेंट आणि चुना मातीत आहे. नव्या घरांत हे हमखास दिसतं: कंत्राटदार कचरा उचलत नाही, त्यावर दोन इंच माती पसरतो. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. आपली जांभ्याची माती म्हणजे लोहाचीच माती; त्यात उभं राहून झाड लोहाविना पिवळं पडतं. उपाय म्हणजे झाडाभोवतीचा दोन फुटांचा पट्टा उकरून खडे, सिमेंटचे गोळे वेचून काढणं आणि पालापाचोळ्याचं खत भरणं. तात्पुरतं पान हिरवं करायला कृषी दुकानात मिळणारं चिलेटेड लोह पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा. मातीचं काम न करता नुसतं फवारत बसलात तर दर दोन महिन्यांनी फवाराल.

याच कारणाने चुलीची राख चाफ्याला घालू नका. आपल्याकडे राख सगळ्यांना घालायची सवय आहे. वांग्या-मिरच्यांना ती चालते. आणि माडाला घालतात तसं मीठ किंवा खारवलेल्या सुक्या माशांचं खत तर अजिबात नको. माड मीठ खाऊन खूश होतो, चाफ्याच्या पानांच्या कडा त्याच मिठाने जळतात. किनाऱ्यालगत, म्हणजे कळंगुट-मोरजीसारख्या ठिकाणी, थेट समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर चाफा लावायचा असेल तर घराच्या पूर्वेच्या बाजूला लावा. घराचा आडोसा त्याला पुरतो.

पाण्याने आजारी झालेलं झाड वाचतं का? निम्मी पानं शिल्लक असतील तर प्रयत्न करा. बुंध्यापासून उताराच्या दिशेने वीतभर खोल चर खणून पाणी बाहेर काढा. मग एक टक्का बोर्डो मिश्रण बुंध्याभोवती ओता. कुळागरवाल्यांना, म्हणजे सुपारीच्या बागा असणाऱ्यांना, ते सांगायला नको. सुपारीच्या कोळेरोगाला आपण तेच फवारतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तुम्हाला एका झाडाला दहा लिटर पुरे, म्हणजे शंभर-शंभर ग्रॅम. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांड्यात नको, आणि केलं त्याच दिवशी वापरा. यातल्या चुन्याची धास्ती घेऊ नका, एकदा-दोनदा दिल्याने माती बिघडत नाही. पाऊस संपल्यावर झाड सावरलं तर ते ढिगावर हलवा. डिसेंबरपर्यंत सावरलं नाही तर सोडून द्या.

कुंडीत लावायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच: अठरा इंचांची कुंडी, तळाला भोकं मोठी, पावसात खालची बशी काढून टाकायची, दोन वर्षांनी माती बदलायची. फुलं मिळतात, झाड दमलेलं राहतं.

किडींचं फार मनावर घेऊ नका. पानांवर काजळी बसलेली आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर पानाच्या मागे, देठाशी खवले कीड चिकटलेली असते. लहान झाडावर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मोठ्यावर निंबोळी तेल फवारा. हुमल्यांचं, म्हणजे पानं जोडून घरटं करणाऱ्या चावऱ्या तांबड्या मुंग्यांचं, घरटं असेल तर निर्णय तुमचा. हुमले खवल्यांचा गोड रस पिण्यासाठी त्यांना राखतात, पण अळ्यांचा फडशाही तेच पाडतात. मी देवाच्या फुलांच्या झाडावरून हुमले काढतो, कारण फूल तोडणारी आमची आई ऐंशीची आहे. आणि कोवळ्या पानावर गुळगुळीत, मानेकडे फुगीर, हिरवी अळी दिसली तर तिला राहू द्या. तिचं काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं फुलपाखरू होतं, एका जागी क्षणभर न बसणारं. तीच जात सीताफळ आणि रस्त्याकडेच्या उंच खोट्या अशोकाच्या पानांवरही वाढते. दहा-बारा पानं जातात. झाडाला फरक पडत नाही.

सासूबाईंच्या सापांबद्दल: साप वासाला येत नाही. तो उंदरांमागे येतो, बेडकांमागे येतो, चिऱ्यांच्या ढिगात थंडावा शोधतो. चाफ्याखाली लाकडं आणि तुटकी कौलं रचून ठेवू नका, झालं. भुंग्याचीही अशीच गंमत आहे. भुंगा चाफ्याकडे फिरकत नाही असं जुनी माणसं सांगतात, त्यावर कविता झाल्या. मॅग्नोलियाच्या कुळातली फुलं फार जुन्या काळची; त्यांचं परागीकरण मुख्यतः लहान ढालपंखी किडे करतात. सकाळी पाकळ्या उघडून बघा, आत काळे बारीक किडे असतात, म्हणून केसात माळायच्या आधी फूल झटकावं. परागीकरण झालं की द्राक्षाच्या घोसासारखी फळं लागतात, ती फुटून आतून लालभडक बिया डोकावतात आणि बुलबुल-तांबटांची मेजवानी होते. फुलं हवी असतील तर हे घोस कोवळे असतानाच तोडा. बी धरलेलं झाड फुलांत हात आखडतं. बी लावून बघायची हौस असेल तर लाल गर धुऊन काढा आणि लगेच पेरा. ठेवलेलं बी महिन्या-दोन महिन्यांत निकामी होतं.

आता फुलं.

सोनचाफा तोडायचा पहाटे, पाकळ्या पूर्ण सुटायच्या आत. कळी पिवळी होऊन टोकाशी किंचित सैल झाली की ती तयार. दुपारी तोडलेल्या फुलाला संध्याकाळपर्यंत डाग पडतात. देठाला धरा, पाकळीला बोट लावू नका. जिथे बोट लागेल तिथे तासाभरात तपकिरी खूण उठते. वसईचे शेतकरी दादरला फुलं नेतात ती लहान पिशव्यांत थोडी थोडी भरून, म्हणजे एकावर एक भार येत नाही. घरी ओल्या केळीच्या पानात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत तर दुसऱ्या दिवशीच्या पूजेला चालतात. तिसऱ्या दिवशी नाही.

खोलीत एक फूल पुरे, पाण्याच्या वाटीत तरंगत. दहा ठेवली तर डोकं धरतं. चाफ्याच्या वासात गुलाबात असतं तेच फिनाइल एथिल अल्कोहोल आहे, पण त्याच्या जोडीला इंडोल आहे, जे थोडं असलं की फूल मादक वाटतं आणि जास्त झालं की कुजकं. मावळत्या चाफ्याचा वास उग्र लागतो तो त्यामुळे.

म्हणूनच, सासूबाईंना वाईट वाटेल, पण सोनचाफा कपाटात ठेवण्याचं फूल नव्हे. जाड पाकळीत पाणी फार. ती वाळायच्या आधी काळी पडते आणि कपड्यावर डाग पाडते. कपाटाला ओवळां म्हणजे बकुळीची फुलं ठेवा, सुरंगां म्हणजे सुरंगीची ठेवा. बकुळीचं फूल वाळून कागदासारखं झालं तरी वर्षभर वास सोडतं, आणि सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, साडीच्या घडीत विसरला गेला तर पुढच्या लग्नसराईत साडी उलगडताना आठवण करून देतो. सुरंगां फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, तेव्हा चार वळेसर जास्तीचे घ्या आणि सावलीत वाळवा. जायो, म्हणजे जाईची फुलं, मात्र या कामाच्या नव्हेत. म्हार्दोळच्या महालसा देवीच्या देवळातल्या जायांच्या पूजेत त्यांचा जो घमघमाट असतो तो त्या रात्रीचा, सकाळी मागायचा नाही.

तेल मात्र होतं, आणि चांगलं होतं, फक्त उकळायचं नाही. आमच्याकडे जुन्या बायका फुलं तेलात घालून कढवत. त्याने तेलाला तळणीचा वास येतो आणि चाफा उडून जातो. कनोजला चाफ्याचं अत्तर करतात तेही फूल तेलात तळून नव्हे, वाफेवर, आणि ती वाफ चंदनाच्या तेलात मुरवून. घरी तेवढं जमत नाही, थंड रीत जमते.

पहाटे तोडलेली वीसेक फुलं घ्या. पाकळ्या सुट्या करून पंचावर सावलीत पसरा, चार-पाच तास, त्या थोड्या मलूल होईपर्यंत. ही पायरी लोक गाळतात. ओली पाकळी तेलात गेली की तेल खवट होतं किंवा वर बुरशी धरते. मग काचेच्या कोरड्या बरणीत पाव लिटर घाण्याचं खोबरेल घ्या, पाकळ्या बुडतील अशा घाला, तोंडाला फडकं बांधा, उन्हात नको, सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पाकळ्या गाळून काढा, पिळू नका, पिळलं की पाणी उतरतं. तेच तेल, नव्या पाकळ्या. असं निदान सात दिवस. चौथ्या दिवशी वाटतं काहीच झालं नाही, थांबू नका. शेवटी तेल दोन दिवस स्थिर ठेवा; तळाला पाण्याचे थेंब आणि गाळ दिसेल, तो राहू देऊन वरचं तेल गडद बाटलीत ओता. पहिल्यांदा मनगटावर लावून एक दिवस बघा, कुणाकुणाला खाज येते.

हे पावसात करू नका, हवेतच पाणी असतं. एप्रिल-मेचा बहर याच कामाचा. तुमच्या झाडांना या वर्षी तरी एवढी फुलं येणार नाहीत, तेव्हा सासूबाईंसाठी मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लवकर जा, आठच्या आत, आणि फुलवालीला कळ्याच निवडून द्यायला सांगा.